गाठच काढावी की पूर्ण स्तन? भुसावळच्या उन्हातला अनुभव

स्तनाच्या कॅन्सरची गाठ लहान आहे, काखेत काही सापडलेलं नाही, आणि डॉक्टर म्हणतात, "दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." माझं तिथेच अडलं होतं. आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं, "समदं काढी टाक वं माय, घोर नही." मलाही आधी तेच पटलेलं.

पण घोर दोन प्रकारचे असतात. एक, आजार त्याच जागी परत येण्याचा. दुसरा, तो हाडात, यकृतात, फुफ्फुसात निघण्याचा. ऑपरेशन लहान की मोठं, याचा फरक मुख्यतः पहिल्यावर पडतो. इटलीत मिलानला दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या 701 बायकांवर अभ्यास झाला. 20 वर्षांत स्तन राखून शेक (रेडिएशन) घेतलेल्यांपैकी 8.8 टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली; पूर्ण काढलेल्यांत त्या जागी 2.3 टक्के जणींना. या आजाराने झालेले मृत्यू मात्र 26.1 आणि 24.3 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. दुसरा घोर गाठीच्या जातीवर जातो: ग्रेड (पेशी किती बिघडल्यात), हार्मोन रिसेप्टर (गाठ हार्मोनवर वाढते का), हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन), काखेतल्या गाठी. केमो की नुसत्या गोळ्या, हेही त्यावरच ठरतं. माझी हार्मोनची निघाली, म्हणून पाच वर्षं टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या.

तरी माझा निर्णय आकड्यांनी झाला नाही. मोठ्या जाऊबाईंचं सहा वर्षांपूर्वी पूर्ण काढलेलं. त्यांची जखम छान भरली, तक्रार म्हणून कधी नाही. पण मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि ब्लाऊजच्या आत स्तनाच्या जागी ते पॅड. घामाने ओलं होतं, खाली घामोळ्या येतात, पापड लाटायला वाकलं की सरकतं. चारचौघींत त्या पदर पुढे ओढून घेतात, मग उठून आत जातात. दर उन्हाळ्यात मी ते पाहत आले. बायोप्सीनंतर डोळ्यांपुढे तेच आलं.

मी स्तन राखला. फुकट नाही मिळत ते. शेकाच्या 15 बैठका, तीन आठवडे नाशिकला भावाकडे मुक्काम, कातडी काळवंडली, थकवा पुरे दोन महिने. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्या असत्या तर पुन्हा ऑपरेशन लागलं असतं, माझं टळलं. दरवर्षीची मॅमोग्राफी आलीच.

ज्यांना घर, गुरं, लेकरं सोडून शेकासाठी जाताच येणार नाही, त्यांनी पूर्ण काढलेलं बरं असं मलाही वाटतं. शेक अर्धवट टाकणं वाईट. गाठी दोन-तीन ठिकाणी असल्या, आधी छातीवर शेक झालेले असले किंवा घराण्यात बीआरसीए या जनुकाचा दोष असला, तर हिशेब वेगळा. आणि काखेत बऱ्याच गाठी निघाल्या तर पूर्ण काढूनही शेक लागतात, हे जाऊबाईंना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: माझ्या बाबतीत स्तन राखता येईल का, आणि काढला तर शेक नक्की चुकतील का?