ग्लॉक १७ (पाचवी पिढी): सतरा गोळ्या आणि नेमाचा हिशेब

या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) ९ मिमीच्या १७ गोळ्या, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला) एक. पट्ट्यावरची दोन जादा मॅगझिन धरली तर ५२. अमेरिकी पोलिसांच्या जुन्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरपुढे ही चैनच. ११ एप्रिल १९८६ला मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयच्या बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हरच होती. जखमी हातांनी ती पुन्हा भरणं किती अवघड, ते तिथे दिसलं. पण त्याच चकमकीत एक ९ मिमी गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात (तो मांसाच्या जागी वापरतात) १२ ते १८ इंच भेदनाची कसोटी ठरवली. म्हणून आधी पैसे चांगल्या हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर पसरणाऱ्या) गोळ्यांवर घाला, जादा मॅगझिन नंतर.

भरलेलं पिस्तूल साधारण ९०० ग्रॅम, ट्रिगरचा दाब अडीच किलोच्या आसपास. बोट झटकलं की उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली-डावीकडे जाते. न्यूयॉर्क पोलिसांनी तर कित्येक वर्षं १२ पौंडांचा (साधारण साडेपाच किलोंचा) ट्रिगर लावला. एवढ्या हलक्या पिस्तुलावर तो म्हणजे नेमाशी वैरच! मनगट सैल राहिलं तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही, काडतूस अडकतं. मग मॅगझिनच्या बुडावर थाप मारा, स्लाइड खेचा, पुन्हा नेम धरा.

तक्रार एकच: कारखान्यातून येणाऱ्या प्लास्टिकच्या साइट (नेम धरायच्या खुणा). होल्स्टरमध्ये घासून झिजतात. पोलादी बसवून घ्या. सराव मोजून करा, मॅगझिनमध्ये मुद्दाम सहाच गोळ्या भरून.