अंड्यांसाठी पिंजऱ्यातील लेअर की परसातील गावरान?

अंड्यांच्या धंद्यात उतरू पाहणारे शेतकरी याच प्रश्नाशी अडतात. खर्चाची खरी मेख खाद्यात आहे: लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठी पैदास केलेली कोंबडी, दिवसाला सुमारे 110 ग्रॅम खाते, पहिले अंडे मिळेपर्यंत 18 ते 20 आठवडे ते पदरचेच घालावे लागते, आणि मका व सोयापेंड महागली की नफा तिथेच आटतो, गावरान मात्र उकिरड्यावर किडे-दाणे टिपून बरेचसे पोट भरते. लेअर वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. गावरान जेमतेम 60 ते 80, त्यातही ती खुडूक बसते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते. लसीकरण दोघींनाही चुकत नाही. गावरान अंड्याला दर चढा मिळतो, पण गिऱ्हाईक स्वतः जोडावे लागते.

भांडवल आणि वाईट महिने सोसण्याची ताकद असेल, त्याने लेअर घ्याव्यात. मोकळे परस आणि जवळ शहर असलेल्या कुटुंबाला जोडधंदा म्हणून गावरानच परवडते.