छपरावरचा टीव्ही अँटेना : पाऊस, वारा आणि ऊन पाहिल्यानंतर

घराबाहेर लावायचा टीव्ही अँटेना निवडताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या लांबीकडे, काड्यांच्या संख्येकडे आणि डब्यावर छापलेल्या किलोमीटरच्या आकड्याकडे जाते. काही महिन्यांच्या सलग वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, चित्र टिकते ते या गोष्टींपेक्षा अँटेना नेमका कुठे उभा आहे, तो किती घट्ट बसवला आहे आणि त्याची केबल घरात कशी आणली आहे यावर. डब्यावरचा आकडा तर मी मुळीच विचारात घेणार नाही. प्रक्षेपण मनोऱ्याची उंची, त्याची शक्ती आणि मधला भूभाग ठाऊक नसताना किती अंतरावरून चित्र येईल हे कोणताही अँटेना स्वतः ठरवू शकत नाही.

माझा अँटेना यागी-उडा पद्धतीचा आहे. १९२६ साली जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी मांडलेली ही रचना आजही छपरांवर सर्वाधिक दिसते. मागे परावर्तक, मधे केबल जोडलेली मुख्य काडी आणि पुढे ओळीने आखूड होत जाणाऱ्या दिशादर्शक काड्या असे तिचे स्वरूप असते. काड्यांची लांबी तरंगलांबीवर ठरते. ६०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी अर्धा मीटर असते, म्हणून तिथे मुख्य काडी साधारण २५ सेंटिमीटरची लागते. २०० मेगाहर्ट्झला तीच पाऊण मीटरच्या आसपास जाते. त्यामुळे आपल्याला हव्या असलेल्या वाहिन्या यूएचएफ (जास्त कंपनसंख्येच्या) पट्ट्यात आहेत की व्हीएचएफ (कमी कंपनसंख्येच्या) पट्ट्यात, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे. नुसत्या यूएचएफसाठी बनवलेला अँटेना कितीही मोठा असला, तरी व्हीएचएफच्या वाहिन्यांना तो फारसा उपयोगी पडत नाही.

दिशा लावण्याच्या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरले की चुकीची दिशा दाखवते, म्हणून पाइपापासून काही पावले दूर उभे राहून दूरवरची एखादी खूण ठरवावी आणि अँटेना त्या खुणेकडे वळवावा. शेजारच्या छपरांवरील अँटेना कोणीकडे वळलेले आहेत आणि त्यांच्या काड्या आडव्या आहेत की उभ्या, हेही पाहावे, कारण मनोऱ्याचे प्रक्षेपण आडव्या ध्रुवणाचे, म्हणजे तरंगांचे विद्युत कंपन आडवे असताना काड्या उभ्या ठेवल्या, तर संकेताचा फार मोठा भाग वाया जातो. त्यानंतर एकाने टीव्हीसमोर बसून फोनवर आकडे सांगावेत आणि दुसऱ्याने वर अँटेना बोटभर फिरवून थांबावे. थांबणे महत्त्वाचे आहे, कारण पडद्यावरचे आकडे स्थिर व्हायला काही सेकंद लागतात आणि घाईत फिरवत राहिल्यास चांगली जागा हातची निघून जाते.

या आकड्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. टीव्हीच्या मेनूमध्ये संकेताची तीव्रता आणि संकेताचा दर्जा असे दोन पट्टे दिसतात. माझ्याकडे एका जागी तीव्रता भरपूर होती, पण दर्जाचा पट्टा सतत वरखाली होत होता. तिथून जेमतेम अर्धा मीटर बाजूला सरकवल्यावर तीव्रता किंचित उतरली आणि दर्जा मात्र वर जाऊन स्थिरावला. थेट येणारा तरंग आणि इमारतींवरून किंवा जमिनीवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचणारा तरंग काही जागी एकमेकांना मारक ठरतात. म्हणून जितके उंच तितके उत्तम हा नियमही सरसकट लागू होत नाही. मी दुसरी जागा कायम केली आणि आजवर त्या निर्णयाबद्दल पूर्ण समाधानी आहे. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात संकेत दुबळा झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरीही कार्यक्रम पाहता येई. डिजिटल प्रक्षेपणात तशी पायरीपायरीची उतरण नसते. चित्र अखेरपर्यंत स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडली की त्याचे एकदम चौकोन होतात, आवाज तुटतो. आज चित्र छान दिसते एवढ्यावर काम संपवू नये. वाईट दिवसासाठी हाताशी किती शिल्लक आहे, ते दर्जाच्या पट्ट्यावरूनच कळते.

केबलमध्ये काटकसर करू नये. ७५ ओहमची चांगल्या आवरणाची आरजी-६ केबलदेखील ६०० मेगाहर्ट्झला ३० मीटरमागे सुमारे ५ डेसिबल गमावते, म्हणजे वर मिळालेल्या शक्तीचा जेमतेम एक तृतीयांश भाग खाली पोहोचतो. जुनी, बारीक केबल याहून अधिक गमावते आणि तिच्या आवरणातली धातूची जाळी विरळ असेल, तर घरातील स्वस्त एलईडी दिव्यांचा विद्युत गोंगाटही आत घेते. केबलच्या टोकांचे जोड (कनेक्टर) दाबून बसवण्याच्या प्रकारचे वापरावेत. पिळून बसवायचे जोड पहिल्या दिवशी सारखेच चालतात, पण उन्हाने तापून आणि रात्री गार होऊन कालांतराने सैल पडतात.

पावसाळ्यात माझा अनुभव अपेक्षेपेक्षा चांगला राहिला. उपग्रहाच्या छत्रीकडे येणारे १० ते १२ गिगाहर्ट्झचे तरंग मुसळधार पावसात क्षीण होतात. जमिनीवरील टीव्ही प्रक्षेपणाच्या तरंगांना पावसाचा तसा अडथळा होत नाही. त्रास होतो तो जोडात शिरलेल्या पाण्याचा. एकदा जाळीत पाणी मुरले की केबल आतून काळवंडत जाते आणि पाऊस थांबल्यावरही चित्र सुधारत नाही. म्हणून वरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी खालून वर गुंडाळावी आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळातून ठिबकून जाते. समोर झाड असेल, तर ओल्या पानांमुळे संकेत उतरतो, वाऱ्यात तो डळमळतो; तिथे जागा बदलण्याला पर्याय नाही.

वाऱ्याने मात्र परीक्षा पाहिली. एका वादळी रात्रीनंतर काही वाहिन्या तुटू लागल्या. अँटेना वाकला नव्हता, पण गोल पाइपावर किंचित फिरला होता. सोबत मिळालेली पकड गुळगुळीत होती. दातेरी पकड बसवल्यापासून तो जागचा हललेला नाही. पाइपावर आणि पकडीवर रंगाची एक उभी रेघ ओढून ठेवली, तर अँटेना फिरला आहे का, हे नंतर नजरेनेच समजते. उंच पाइपाला तीन दिशांनी तारेचे ताण द्यावेत.

बूस्टर, म्हणजे संकेत वाढवणारे उपकरण, याविषयी बरेच गैरसमज आहेत. तो संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो आणि वर जे हरवले ते परत आणू शकत नाही. केबलमध्ये आणि वाटणीत पुढे होणारा तोटा भरून काढणे एवढेच त्याचे काम आहे, त्यामुळे त्याची जागा अँटेनाजवळ, टीव्हीमागे नव्हे. एका टीव्हीसाठी मला त्याची गरज पडली नाही. दुसरा टीव्ही जोडल्यावर संकेत वाटून देणाऱ्या दोन वाटांच्या स्प्लिटरने सुमारे साडेतीन डेसिबल घेतले, तेव्हा कमी वाढीचा बूस्टर खांबावर बसवला. त्याला वीज केबलमधूनच जाते, म्हणून स्प्लिटरची जी वाट वीज जाऊ देते, त्याच वाटेवर वीजपुरवठ्याचा डबा जोडावा लागतो. जवळ मोबाइलचा मनोरा असल्यास बूस्टरच्या आधी मोबाइल पट्टे अडवणारा फिल्टर लावावा. अनेक देशांत टीव्ही पट्ट्याचा वरचा भाग आता मोबाइल सेवांना दिलेला आहे आणि तो जोरदार संकेत बूस्टरला गुदमरवून टाकतो.

सुरक्षिततेत तडजोड नको. वीजवाहिन्यांपासून खांबाच्या उंचीहून जास्त अंतर ठेवावे, म्हणजे खांब आडवा पडला तरी तारेला टेकणार नाही. खांब आणि केबलची जाळी जाड तांब्याच्या तारेने, शक्य तितक्या सरळ मार्गाने घराच्या अर्थिंगला जोडून घ्यावी, आणि हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. या जोडणीमुळे साठणारा स्थिर विद्युतभार निचरून जातो. थेट पडणाऱ्या विजेला ती अडवत नाही, म्हणून वादळाची चिन्हे दिसताच टीव्हीची केबल काढून ठेवावी, मात्र गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

उष्ण, निवांत हवामानात कधीकधी पहाटे काही वाहिन्या विनाकारण तुटतात. हवेच्या तापमानाचे थर उलटे झाले की दूरच्या मनोऱ्याचे त्याच कंपनसंख्येवरचे तरंग वाकून आपल्यापर्यंत पोहोचतात आणि आपल्या संकेतात मिसळतात. अशा वेळी अँटेनाला हात लावू नये. ऊन चढून हवा ढवळली गेली की चित्र आपोआप पूर्ववत होते.