लॅपटॉपला वायफाय लागेना म्हणून फोन केला, साडेसत्तेचाळीस हजार गेले

लॅपटॉप कंपनीच्या कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून फोन लावू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे आजच सांगून ठेवा. पुढचं सगळं वाचायला सवड नसेल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल.

ही गोष्ट माझ्या सासऱ्यांची. ते डिचोलीत राहतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि गावच्या देवस्थान समितीचे खजिनदार. हे लिहायला त्यांनीच सांगितलं. अट एकच घातली, "देवस्थानचं नाव घालू नकोस."

जूनचे दिवस. रात्रभर गडगडाट, वीज येतेय-जातेय. सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला तर यादीत घरच्या वायफायचं नावच नाही. शेजाऱ्यांची दोन-तीन नावं दिसत होती, आपलं तेवढं गायब. मोबाईलला मात्र तेच वायफाय नीट लागत होतं. म्हणजे बिघाड लॅपटॉपमध्येच, असं त्यांनी धरलं, आणि ते कुणीही धरलं असतं. वर्षाचा हिशेब मामलेदार कचेरीत द्यायची मुदत तोंडावर आलेली. मी पणजीत एका कार्यालयात संगणकांचीच देखभाल करते, पण "कामाच्या वेळी सुनेला कशाला त्रास" म्हणून त्यांनी मला फोन केला नाही. मोबाईलवर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर असं टाकलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला.

तो कंपनीचा नव्हता. पैसे मोजून जाहिरात लावता येते, नकाशावर खोटं दुकान नोंदवता येतं, कुठल्याशा पानावर कंपनीच्या नावाखाली स्वतःचा नंबर चिकटवून ठेवता येतो. शोधणाऱ्याला वरचं ते खरं वाटतं.

आधी एक मुलगी हिंदीत बोलली, मग तिने "सिनियर इंजिनियर"कडे फोन दिला. तो अस्खलित मराठी बोलणारा. "काका, अजिबात घाबरू नका, मी आहे ना." बाबा सांगतात की त्याचा आवाज त्यांना एखाद्या जुन्या विद्यार्थ्यासारखा वाटला. त्याने पहिली गोष्ट करायला लावली ती ही: मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडायचा. लॅपटॉप लगेच जोडला गेला.

इथे जरा थांबते, कारण दुखण्याचं खरं निदान त्या क्षणी झालं होतं. लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट लागतो याचा अर्थ त्यातलं वायफाय कार्ड जिवंत आहे, ते चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर चालतोय, अँटेनाही ठीक आहे. मग उरतो तो राऊटर आणि लॅपटॉप यांच्यातला काहीतरी बेबनाव. हे त्या माणसाला नक्की कळलेलं होतं. त्याने बाबांना सांगितलं ते वेगळंच: "बघा, दुसरं नेट चालतंय, म्हणजे तुमचं घरचं नेट हॅकरने लॉक केलंय."

मग दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा दुरून घेता येतो असं एक ॲप उतरवायला लावलं आणि पडद्यावर आलेला आकडा वाचून दाखवायला सांगितलं. ॲप बनावट नव्हतं. आमच्या कार्यालयातही मी असंच ॲप वापरते. पण तो आकडा सांगून "परवानगी द्या" वर बोट ठेवलं की समोरचा माणूस तुमच्या खुर्चीत बसला म्हणून समजा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क या अशाच एका ॲपचं नाव घेऊन बँकांना याबद्दल सावध केलं होतं. ती सूचना डिचोलीतल्या निवृत्त मुख्याध्यापकापर्यंत कशी पोचणार होती?

त्याने पडद्यावर जे जे दाखवलं ते सगळं खरं होतं. अर्थ तेवढा त्याने आपल्या पदरचा लावला. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजमध्ये बारीकसारीक घडामोडींची ती नोंदवही असते. तिच्यात लाल आणि पिवळ्या खुणांच्या ओळीच ओळी. "काका, हे सगळे व्हायरस." कोणत्याही धडधाकट संगणकावर उघडून बघा, अशाच शेकडो खुणा दिसतील. एखादी सेवा जरा उशिरा सुरू झाली तरी तिथे पिवळी खूण पडते. नंतर संगणकाला आज्ञा टाईप करून द्यायच्या काळ्या खिडकीत त्याने नेटस्टॅट हा शब्द टाकला. पत्त्यांची यादी आली, त्यात एका रकान्यावर 'फॉरेन ॲड्रेस' असं लिहिलेलं. "बघा, परदेशातून किती जण घुसलेत." त्या रकान्यात फक्त पलीकडच्या टोकाचे पत्ते असतात, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइट्स, अपडेट देणारे सर्व्हर वगैरे. त्यातली एक जोडणी तर त्या ताबा घेणाऱ्या ॲपचीच असणार.

तिसरी युक्ती सगळ्यात बेरकी. त्याने त्याच खिडकीत ए-एस-एस-ओ-सी ही आज्ञा दिली. लांबलचक यादी सरकत गेली आणि शेवटाला एक मोठा आकडा आला. "हा तुमच्या मशीनचा लायसन्स नंबर. मी माझ्या रेकॉर्डमधून वाचतो, तुम्ही ताडून बघा." आणि त्याने वाचायला सुरुवात केली: आठ-आठ-आठ, डी-सी-ए, सहा-शून्य... बाबांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर तपासलं. तंतोतंत जुळलं! ज्याच्याकडे आपल्या लॅपटॉपचा नंबर आहे तो कंपनीचाच माणूस, हे त्यांच्या मनात पक्कं झालं. तो आकडा जगातल्या झाडून सगळ्या विंडोजमध्ये एकच असतो. फाईल झिप करून, म्हणजे आकाराने लहान करून, पाठवायच्या एका सोयीची ती खूण आहे, लायसन्सशी तिचा काडीचा संबंध नाही. मी माझ्या कार्यालयातल्या संगणकावर काढून बाबांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पुढचं पटापट झालं. "सिक्युरिटी रजिस्ट्रेशन"साठी दहा रुपये भरा, तेही नेटबँकिंगने. ताबा त्याच्याकडे, त्यामुळे कुठे काय टाईप होतंय ते त्याला दिसत होतं. पैसे भरतानाच पडदा काळा झाला, "सर्व्हर अपडेट होतोय, लॅपटॉपला हात लावू नका." काळ्या पडद्यामागे त्याने पैसे पाठवायच्या यादीत एक नवं नाव जोडलं. मोबाईलवर ओटीपी आले, ते "व्हेरिफिकेशन कोड" म्हणून वाचून घेतले. पैसे गेल्याचे मेसेजही आले, त्यावर उत्तर तयारच होतं: "टेस्ट एंट्री आहे, संध्याकाळी उलटी होईल." आमच्या बँकेत नवीन जोडलेल्या नावावर पहिल्या दिवशी ठरावीक रकमेपलीकडे पाठवता येत नाही, म्हणून गेले ते पंचवीस हजार आणि साडेबावीस हजार. तेवढ्यावर तो थांबणार नव्हता. तीन लाखांची मुदत ठेव त्याने ऑनलाइन मोडून बचत खात्यात आणून ठेवली होती.

एवढ्या वेळात त्याने फोन एकदाही ठेवू दिला नाही. यांच्या धंद्यात हे पक्कं असतं, कारण फोन ठेवला की माणूस कुणाला तरी विचारतो. सासूबाईंनी शेवटी त्यांच्या मोबाईलवरून मला फोन केला. तक्रार हॅकरची नव्हतीच. "भात निवला तरी हे उठत नाहीत. कंपनीचा माणूस लॅपटॉप दुरुस्त करतोय म्हणे, फोनवरनं."

मी त्यांना एवढंच सांगितलं, "आई, बाबांचा मोबाईल हातात घ्या आणि आख्खा बंद करा. विचारत बसू नका." लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होता, राऊटर बंद करून काही उपयोग नव्हता. मोबाईल मेला की त्याचं बोलणंही तुटणार होतं आणि ताबाही. सासूबाईंनी बटण दाबून धरलं. बाबा "अगं, अगं" करत राहिले.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला, सासूबाईंच्या मोबाईलवरून. लाईन आधी व्यस्त होती, पण लागली. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात. तो क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये असतो, म्हणून बाबांचा फोन मोबाईल डेटा बंद ठेवून पुन्हा चालू केला. दुसरीकडे माझ्या नवऱ्याने डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून नेटबँकिंग आणि कार्ड बंद करून घेतलं. १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि तिथे रक्कम शिल्लक असेल तर अडवतात. घरात आधी रडारड आणि "तुम्ही एवढे शिकलेले आणि" हे सुरू झालं, तर तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात सरकतात. नंतर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण केली आणि रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात कागद दिले. तिथल्या कुणालाही यात नवल वाटलं नाही. खुद्द गोव्यात पोलिसांनी बनावट कॉल सेंटरं पकडलेली आहेत, तिथून अमेरिकेतल्या लोकांना असेच फोन जायचे.

पंचवीस हजार समोरच्या खात्यात गोठवले गेले, ते सोडवायची प्रक्रिया अजून चालू आहे. साडेबावीस हजार परराज्यातल्या एटीएममधून आधीच काढलेले होते. बँकेने ते द्यायला नकार दिला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल, दोष बाहेरच्या कुणाचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल तर ग्राहकावर भार येत नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेला केलेल्या फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ठेवीचे तीन लाख वाचले, मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं गेलं.

लॅपटॉपमधली माहिती पेनड्राईव्हवर काढून विंडोज नव्याने घातलं. पासवर्ड बदलले ते दुसऱ्या फोनवरून. मोबाईलमध्ये नकळत काही ॲप घातलंय का ते पाहिलं आणि कॉल दुसरीकडे वळवलेत का तेही *#२१# दाबून तपासलं. ज्या नंबरवर बाबा बोलले तो दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर, संशयास्पद फोन कळवायच्या चक्षू सुविधेत कळवला.

आता मूळ दुखणं. लॅपटॉप माझ्या मोठ्या दिरांनी अमेरिकेहून आणलेला. तिथल्या बऱ्याच वायफाय कार्डांना २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या पट्ट्यातले १ ते ११ हेच चॅनेल, म्हणजे लहरींचे मार्ग, दिसतात. आपल्याकडे १३ पर्यंत चालतात. रात्री वीज गेली-आली, राऊटर नव्याने सुरू झाला, आणि चॅनेलची निवड त्याच्यावर सोडलेली असल्याने त्याने आपल्या मनाने १३ धरला. इथल्या मोबाईलला तो दिसतो, अमेरिकेच्या लॅपटॉपला नाही. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन चॅनेल ६ कायम केला, वायफायचं नाव लगेच यादीत आलं. खर्च शून्य.

तुमच्याकडे असं झालं तर आधी दोनच गोष्टी बघा: घरच्या वायफायला मोबाईल लागतो का, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप लागतो का. मोबाईललाही नेट नसेल तर केबलवाल्याला किंवा नेट देणाऱ्याला विचारा. हॉटस्पॉट लागत असेल तर दुरुस्तीसाठी लॅपटॉप खोलू देऊ नका. राऊटर बंद-चालू करा, लॅपटॉपमधलं जुनं नाव विसरायला लावून पासवर्ड पुन्हा घाला, चॅनेल बघा. जोडलं गेलंय पण नेट नाही आणि लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय, तर राऊटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही. एकही नाव दिसत नसेल, शेजाऱ्यांचंही नाही, तर विमानाची खूण (एअरप्लेन मोड) चुकून चालू झालीय का ते बघा, मग डिव्हाईस मॅनेजर या विंडोजमधल्या सुट्या भागांच्या यादीत कार्ड दिसतंय का. तेही नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. रुसलेलं कार्ड कित्येकदा एवढ्याने परत येतं. आलंच नाही तर आपल्या पावसाळी दमटपणात जोडणीवर गंज धरलेला असू शकतो. तेव्हा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे जा, किंवा यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय यंत्र घ्या. नवीन लॅपटॉपपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. कंपनीशी बोलायचंच असेल तर नंबर बिलावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा पत्ता स्वतः टाईप करून उघडलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा.

आणखी एक राहिलं. तक्रारीनंतर बाबांना एका "सायबर सेल अधिकाऱ्याचा" फोन आला. गेलेले सगळे पैसे परत मिळतील, फक्त फाईल चार्ज दोन हजार. फसलेल्यांच्या याद्या या टोळ्या एकमेकांना विकतात, त्यामुळे असे फोन येतातच. पोलीस पैसे परत द्यायला पैसे मागत नाहीत. बाबांनी त्याला तक्रार क्रमांक विचारला, तो त्याला सांगता आला नाही, आणि हाही नंबर आम्ही चक्षूवर टाकला.