‘हिरोज ३’ : सातव्या श्रेणीचे जीव आणि त्यांच्या विशेष शक्ती

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा संगणकावरचा युद्धखेळ नव्याने खेळू लागलेला माणूस सातव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीच्या जीवांचे मूल्य ठरवताना हल्ला, बचाव आणि हेल्थ (किती मार सोसता येतो) हे तीन आकडे वाचतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. न्यू वर्ल्ड कंप्युटिंगने १९९९ साली तयार केलेल्या या खेळाचे खरे वैभव मात्र त्या आकड्यांखाली लिहिलेल्या विशेष शक्तीत आहे, हे माझे मत अनेक वर्षे खेळून पक्के झाले आहे.

एन्शंट बेहेमॉथचेच उदाहरण घ्या. कागदावर तो आर्चएंजल या देवदूताच्या पासंगालाही पुरत नाही, कारण याचा हल्ला १९ आणि त्याचा बचाव ३०. सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या नायकांचे गुण बाजूला ठेवले, तर बचाव जितक्या अंकांनी जास्त असेल त्या प्रत्येक अंकामागे मार अडीच टक्क्यांनी घटतो, म्हणजे बेहेमॉथचा सरासरी ४० चा फटका २९ वर यायला हवा. पण त्याचे पंजे समोरच्याचा ८० टक्के बचाव फाडून काढतात. तिसाचे सहा उरतात, हल्ला तेरा अंकांनी वरचढ होतो, प्रत्येक अंकामागे मार पाच टक्क्यांनी वाढतो आणि तोच फटका ६६ चा बसतो. ३००० सोन्याची नाणी आणि एक स्फटिक एवढ्यात असा जीव मिळणे हे मला आजही विलक्षण वाटते. त्याची उणीव म्हणजे अवघा ९ चा वेग. तो शत्रूपर्यंत पोहोचेपर्यंत टायटनसारखा दुरून मारा करणारा जीव त्याच्यावर विजेचे लोळ टाकत राहतो, आणि टायटन तर जवळून लढतानाही दुबळा पडत नाही.

ब्लॅक ड्रॅगनविषयी अधिक विचार करावा लागतो. त्याच्यावर कोणताही मंत्र चालत नाही. त्यामुळे नायकाने आर्मागेडन टाकून संपूर्ण रणांगण पेटवले, तरी शत्रूचे सैन्य होरपळत असताना हे ड्रॅगन जागचे हलत नाहीत. पण ही ढाल दोन्ही बाजूंनी बंद आहे, हे नवा खेळाडू विसरतो. आपलेही वेगवर्धक मंत्र त्यांना लागू होत नाहीत आणि मेलेला ब्लॅक ड्रॅगन पुनरुज्जीवनाच्या मंत्राने परत येत नाही. तो हवा असेल, तर नायकही विध्वंसक मंत्र जाणणारा आणि मंत्रसामर्थ्य वाढवलेला असावा, अन्यथा त्याच्यावरचा खर्च पुरता वसूल होत नाही.

आर्च डेव्हिलवर उलट वार होत नाही, घोस्ट ड्रॅगनच्या हल्ल्याने शत्रू अकाली म्हातारा होऊन त्याची हेल्थ निम्म्यावर येऊ शकते. दोघेही उपयोगी आहेत, पण २०० हेल्थमुळे लवकर पडतात.

माझ्या लेखी सर्वांत श्रेष्ठ आर्चएंजलच आहे, आणि तो ३० च्या हल्ल्यामुळे नव्हे. प्रत्येक आर्चएंजल लढाईत एकदाच, १०० हेल्थइतके मृत सोबती उठवतो. पाच आर्चएंजल असतील, तर दहा हेल्थचे पन्नास मार्क्समन, म्हणजे दुरून मारा करणारे सैनिक, परत उभे राहतात आणि लढाई संपल्यावरही सैन्यात टिकतात. म्हणून शत्रूची शेवटची तुकडी मारण्याआधी थांबून, कोणाचे किती पडले ते मोजून मग ही शक्ती वापरावी. मृतांच्या जागेवर दुसरे कोणी उभे राहिलेले नाही, हेही पाहून ठेवावे.

‘आर्मागेडन्स ब्लेड’ या विस्तारात आलेला अझ्युर ड्रॅगन १००० हेल्थचा आणि ५० हल्ल्याचा आहे. त्याचा दरारा मान्य करूनही मला तो कमी आवडतो, कारण तो केवळ आकड्यांच्या जोरावर जिंकतो. तरीही तो एकदा अनुभवावा असे वाटत असेल, तर २०१५ ची एचडी आवृत्ती घेऊ नये, तिच्यात विस्तार नाहीत. ‘कम्प्लीट’ आवृत्तीच घ्यावी.