सहीच्या कार्डाची हमी आणि नियमांवर चिकटवलेलं स्टिकर

भाच्याला खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद आहे. त्याच्यासाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अमेरिकी कार्डांचा सीलबंद खोका मागवला. जाहिरातीत म्हटलं होतं, '२४ पाकिटांमागे एक सहीचं कार्ड, खोक्यात पाकिटं २४, म्हणजे एक नक्की! शिवाय बक्षीस स्पर्धा!'

खोका आला तेव्हा मागच्या बाजूला, नेमकं नियमांवर, विक्रेत्याचं भलंमोठं स्टिकर होतं. ते खरवडून काढल्यावर खालचा मजकूर दिसला, आणि तो वाचून आधी वाटलं की अख्खा खोकाच बनावट आहे. स्पर्धेत भाग घ्यायला खरेदीची गरज नाही, ३ बाय ५ इंचांच्या कार्डावर स्वतःच्या हाताने नाव-पत्ता लिहून टपालाने पाठवा, छापील प्रवेशिका चालणार नाही, एका लिफाफ्यात एकच, कॅनडातल्या विजेत्याने गणित सोडवलं तरच बक्षीस, तिथल्याच क्युबेक प्रांतातले बाद. बक्षीस द्यायचंय की परीक्षा घ्यायचीय?

पण हे सगळं अस्सल आहे. बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे हे तिन्ही एकत्र आले की अमेरिकेत ती लॉटरी ठरते, आणि खासगी कंपनीला ती चालवता येत नाही. म्हणून फुकट प्रवेशिकेची वाट ठेवतात. कॅनडाचा कायदा निव्वळ नशिबाच्या खेळाला आडवा येतो. मग विजेत्याला कंस, गुणाकार, वजाबाकीचं एखादं उदाहरण घालून 'कौशल्य' दाखवायला लावतात. क्युबेकचे स्पर्धांचे नियम वेगळे आणि किचकट होते, त्यामुळे कित्येक कंपन्या तो प्रांतच वगळत.

लबाडी होती ती विक्रेत्याची. स्टिकरखाली स्पष्ट लिहिलं होतं की स्पर्धा फक्त अमेरिका-कॅनडाच्या रहिवाशांसाठी आहे. तिची मुदतही कधीच उलटून गेली होती. आणि '२४ पाकिटांमागे एक' हे प्रमाण संपूर्ण उत्पादनाची सरासरी आहे, एखाद्या खोक्याची हमी नव्हे, हेही तिथेच होतं. प्रत्येक पाकीट स्वतंत्र धरलं तर २४ पाकिटांत एकही सही न निघण्याची शक्यता साधारण ३६ टक्के येते! 'नक्की' कुठून आलं?

आमच्या खोक्यात सही नव्हतीच. निघालं ते सहीच्या कार्डाऐवजी घातलेलं कूपन: कोड नोंदवा, कार्ड घरी येईल. त्याचीही मुदत संपलेली. ही तारीख आतल्या कूपनावर असते, सील फोडल्याशिवाय दिसत नाही. बाहेरून कळतं ते एवढंच की माल कोणत्या वर्षी छापलाय. जुन्या खोक्यातली कूपनं बहुतेक बाद झालेली असतात, हे या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तक्रार केली तर उत्तर आलं, "सील फोडलंत, आता परत कसं घेणार?" स्टिकरबद्दल विचारल्यावर उत्तरच नाही. पुढे आणखी एक संदेश आला: ठरावीक 'प्रक्रिया शुल्क' भरा, आम्ही परदेशातून तुमचा दावा लावून देतो. ते पैसे मात्र दिले नाहीत. ज्या स्पर्धेत शिरायलाच पैसे लागत नाहीत, तिचं बक्षीस मिळवून द्यायला मध्यस्थाची फी कसली?

असा खोका घेणार असाल तर पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा, स्टिकर नसलेला फोटो मागा. छपाईचं वर्ष आणि कोणत्या देशांसाठी ही ओळ त्यात वाचता आली पाहिजे. फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर तो खोका घेऊ नका.