दाराचा पॅड: घरी खोलायचा की गॅरेजला न्यायचं?

जुन्या पिकअपची काच अर्ध्यात अडकली की दोन वाटा उरतात. काच वर-खाली करणारं मशीन दाराच्या पॅडमागे, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणामागे असतं. रविवारी गाडी अंगणात लावून तो पॅड आपणच खोलायचा, नाहीतर गाडी मिस्त्रीकडे न्यायची. मी दोन्ही करून बसलोय. नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारी आमची गाडी बारा वर्षांची, काच हँडल फिरवून वर-खाली करायची. तेव्हा हे सगळं अशाच गाड्यांचं समजा.

वेळेत गॅरेज जिंकतं, त्यात वाद नाही. सरावाचा मिस्त्री दहा-पंधरा मिनिटांत पॅड हातात काढून देतो. घरी पहिल्यांदा करत असाल तर तास-दीड तास धरा, आणि त्यातला निम्मा वेळ एकटं काचेचं हँडल खातं.

म्हणून आधी हँडल बघा. मधोमध स्क्रू असेल (कधी प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेला असतो), तर गॅरेजचं नावच काढू नका. स्क्रू नसेल तर हँडलच्या मागे, वॉशरला लागून, घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप बसवलेली असते. तिच्यासाठी आकड्याचं हत्यार मिळतं, पण माझं काम जुन्या सुती धोतराच्या पट्टीनं होतं. कोणाला तरी पॅड आत दाबून धरायला सांगा, म्हणजे हँडलमागे फट पडते. पट्टी फटीत घाला, दोन्ही टोकं धरा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी आळीपाळीनं ओढा. कापड क्लिपच्या टोकांत अडकतं, टिक् आवाज येतो आणि क्लिप उडते. खरंच उडते, खाली चादर अंथरा. माझी पहिली क्लिप संध्याकाळी कोंबड्यांच्या खुराड्याखाली सापडली. बसवताना क्लिप आधी हँडलमध्ये सरकवायची, मग हँडल दांड्यावर ठेवून तळहातानं ठोकायचं.

बाकीचं सोपं आहे. हात टेकायच्या पट्टीचे, आतल्या कडीच्या कडेचे स्क्रू काढायचे, मग कडेच्या प्लास्टिक क्लिपा एकेक सोडवून पॅड वर उचलायचा.

पण इथेच घरचं काम सरस ठरतं. मागे एका गॅरेजमध्ये पोरानं कोपऱ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून एकच हिसडा दिला. पॅड पुठ्ठ्याचा, पावसानं आधीच फुगलेला. क्लिपांची चार भोकं फाटली. काच चालू झाली, पॅड मात्र आजतागायत खडखडतोय. क्लिप तुटली तर किरकोळीत नवी मिळते, फाटलेलं भोक कुठे मिळणार? घरी आपण बोटं घालून क्लिप चाचपतो आणि तिच्या अगदी शेजारी पातळ पट्टी सरकवतो. थंडीत प्लास्टिक कडक होतं, म्हणून गाडी तासभर उन्हात उभी केलेली बरी.

पॅडमागचा प्लास्टिकचा कागदही घाईत फाटतो. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जातं. ते पॅडला लागू नये म्हणून हा कागद. घरी तो हळूच सोडवून पुन्हा चिकटवता येतो, आणि दार उघडंच आहे तर मातीनं बुजलेली भोकंही तारेनं मोकळी करून घेता येतात.

मिस्त्रीला पर्याय नाही अशी कामंही आहेत. दार बाहेरून-आतून उघडतच नसेल तर कडेच्या स्क्रूपर्यंत हात पोचत नाही, त्यात पडू नका. काचेचं मशीन रिव्हेटनं जोडलेलं असेल तर ती रिव्हेट ड्रिलनं उडवावी लागते आणि मशीन सुटलं की काच धाडकन खाली बसते. आणि गाडी आमच्यासारखी हँडलची नसून पॉवर विंडोची, म्हणजे बटणावर काच चालणारी असेल, तर तिच्या वायरींना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

यंदा मी मधली वाट धरली. पॅड घरी काढला, कागदासकट माळ्यावर ठेवला आणि उघड्या पत्र्याच्या दाराची गाडी मशीन बदलायला नेली. मिस्त्री दाराकडे बघून म्हणाला, "पॅड कुठाय दादा? विकला काय?"